जातिवंत पिल्लाची किंमत कशी ठरते? बेळगाव सीमाभागातले नेहमीचे प्रश्न

घरात कुत्रं आणायचं ठरलं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचा माणूस आधी भाव विचारतो आणि चार ठिकाणी चार आकडे ऐकून गोंधळतो. विकणारा पिल्लू दाखवतो, आपणही पिल्लूच बघतो. किंमत मात्र बरीचशी त्याच्या आईने ठरवलेली असते. ती कुठे राहते, काय खाते, कितव्यांदा व्यायली, तिच्यावर कोणी किती खर्च केला, हे कळलं की भावातला फरक आपोआप उलगडतो. वारंवार कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत.

लॅब्राडॉरचं पिल्लू एक जण दहा-बारा हजारांना देतो, दुसरा तीस हजार सांगतो. दिसायला तर सारखीच की हो!

पाच-सहा आठवड्यांची लॅबची पिल्लं सारखीच दिसतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो. फरक हिशेबात आहे. समजा, एका वेतामागे विक्रेत्याचा सगळा मिळून ऐंशी हजार खर्च झाला. आठ पिल्लं जगली तर प्रत्येकी दहा हजार घालून त्याचा नुसता खर्च निघतो. चारच जगली तर तोच आकडा वीस हजारांवर जातो. नफा त्याच्यानंतरचा. दुसऱ्या विक्रेत्याने आईची तपासणी केलीच नाही, तिला भाताचं पाणी आणि उरलंसुरलं घातलं, पिल्लांना लस न देता तिसाव्या दिवशी दलालाच्या हवाली केलं, तर त्याला दहा हजारही परवडतात. त्याने वाचवलेला खर्च पुढे तुमच्या खिशातून डॉक्टरांकडे जाण्याची शक्यता मोठी असते.

म्हणून पहिला प्रश्न “कितीला?” असा विचारण्याऐवजी “आई कुठाय?” असा विचारा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर भावाची चर्चा पुढे नेऊच नका.

एका वेतामागे खर्च तरी कशाकशाचा असतो?

पहिला खर्च मेटिंगचा. चांगल्या नराचा मालक रोख फी घेतो, नाहीतर वेतातलं पहिल्या पसंतीचं पिल्लू मागतो. मादी नेमकी कोणत्या दिवशी लावायची हे बघायला रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी करतात. ती एकदा करून भागत नाही, दोन-तीनदा करावी लागते. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांसारख्या मोठ्या जातींत नर-मादी दोघांच्या कंबरेच्या सांध्याचा एक्स-रे काढायला हवा. त्या सांध्याचा दोष पिढीजात उतरतो आणि पिल्लू लहान असताना पुष्कळदा बाहेरून कळतही नाही. हा एक्स-रे काढणारे आपल्याकडे थोडे. ज्याने काढला असेल तो फिल्म दाखवतो आणि भावही जास्त लावतो. त्याचं बरोबरच आहे.

गरोदरपण साधारण ६३ दिवसांचं. त्यात सोनोग्राफी, शेवटच्या तीन आठवड्यांत वाढवलेला खुराक, बाळंतपणाच्या रात्रीची जागरणं. पिल्लू अडलं तर सिझेरियन. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात पावसाची झड लागली की खोलीत बल्ब पेटता ठेवावा लागतो, चादरी वाळत नाहीत, आणि एखादं पिल्लू आईच्या अंगाखाली सापडलं तर सकाळी हिशेबातून वजा होतं. दुसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध, चौथ्यापासून वरचं खाणं, सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग कातडीखाली ओळखीची चिप आणि नोंदणी.

शिवाय कायद्याची बाजू आहे. केंद्राच्या २०१७ च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी १८ महिन्यांच्या आत वापरायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, सगळ्या आयुष्यात पाचांहून जास्त नाही. हे पाळणाऱ्याच्या मादीला वर्षातले बरेच महिने नुसतं बसून खायचं असतं. तो खर्चही पिल्लांच्याच भावात येतो. दर माजाला मादी लावणाऱ्याचा भाव कमी का, याचं उत्तर इथे आहे.

मग पग, बुलडॉग एवढे महाग का? आकाराने तर लहान!

भाव आकारावर नसतो, बाळंतपणावर असतो. इंग्लिश बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगची डोकी मोठी आणि मादीचं कंबरडं अरुंद, त्यामुळे बहुतेक बाळंतपणं सिझेरियननेच होतात. मेटिंगही अनेकदा कृत्रिम रेतनाने करावं लागतं. एवढं करून पिल्लं तीन-चार. लॅब एका वेळी सात-आठ सहज देते, कधी दहाही, आणि सहसा कोणाच्या मदतीशिवाय व्यायते. बाजारात लॅब भरपूर म्हणून भाव आटोक्यात.

पगच्या भावात फॅशनचाही भाग आहे. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग आला आणि गल्लोगल्ली पगची मागणी सुरू झाली. फॅशन ओसरली की तीच जात निम्म्या भावात मिळते. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात धाप लागते, हे मात्र फॅशन ओसरली तरी बदलत नाही.

केसीआयचे पेपर असले की पिल्लू चांगलं, असं समजायचं का?

नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. त्यावर आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांची नावं, जन्मतारीख, रंग, पैदास करणाऱ्याचं नाव आणि मायक्रोचिपचा नंबर असतो. पिल्लू खरंच त्या जातीचं आहे आणि त्याचे आई-बाप एकमेकांचे सख्खे भाऊबहीण नाहीत, हे कळायला तो कागद फार उपयोगी. पणजोबांच्या ओळीत तेच तेच नाव दोन-तीनदा दिसलं तर समजा, की जवळच्या नात्यात पैदास झाली आहे.

नोंदणीची फी पिल्लाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. त्यामुळे “पेपर पाहिजे तर आठ हजार जास्त, नको तर तसंच न्या” असं कोणी म्हणालं तर कान टवकारा. पेपरवाल्या पिल्लाला जास्त पैसे मोजायचे ते त्याच्या नोंदणीकृत आई-बापांमुळे, छापील कागदामुळे नव्हे. आणि “पेपर मागाहून कुरिअरने येतील” या वाक्यावर बेळगावात कित्येक जण वर्षवर्ष थांबून राहिले आहेत. कागद हातात नसेल तर निदान वेताच्या नोंदणीचा पुरावा बघा. डॉक्टरांकडे स्कॅनर असेल तर चिपचा नंबर कागदाशी जुळवा. दुसऱ्याच वेताचा कागद चिकटवून देणारे महाभागही आहेत. जन्मतारीख आणि समोरच्या पिल्लाचे दात जुळत नसले की त्यांचं पितळ उघडं पडतं.

तुम्हाला फक्त घरात राखण आणि मुलांना सोबत हवी असेल, पैदास करायची नसेल, तर तब्येतीच्या चांगल्या आई-बापांचं विनापेपर पिल्लूही चालतं. पण मग पैसेही विनापेपरचेच द्या.

“चॅम्पियन लाइन”, “इम्पोर्ट लाइन” म्हणून दुप्पट सांगतात. त्यात तथ्य किती?

चॅम्पियन नेमका कोण ते कागदावर बघा. बाप किंवा आई चॅम्पियन असेल तर जास्त पैसे देण्यात अर्थ आहे. मोठ्या शोमध्ये परीक्षकांनी ते कुत्रं हात लावून, चालवून, दात मोजून तपासलेलं असतं. आठ पणजी-पणजोबांपैकी एकच चॅम्पियन असेल तर त्याचं रक्त पिल्लात सरासरी एक अष्टमांश. तेवढ्यावर दुप्पट भाव म्हणजे आजोबांच्या जहागिरीवर नातवाला उधार देण्यासारखं.

इम्पोर्टचं वेगळं. केंद्राने २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर बंदी घातली. तो विषय पुढे कोर्टातही गेला. आधीच आलेल्या परदेशी कुत्र्यांच्या वंशाचा भाव त्यानंतर चढला आणि “इम्पोर्ट” हा शब्द कोणीही वापरू लागलं. परदेशी क्लबचा मूळ कागद दाखवला तरच तो शब्द ऐकायचा.

डबल कोट, पंच फेस, हेवी बोन, सिल्व्हर रंग… हे काय प्रकरण आहे?

बहुतेक ही विक्रेत्यांची भाषा. जर्मन शेफर्ड मुळातच दोन थरांच्या केसांचा. “डबल कोट” म्हणजे आपल्याकडे लांब केसांचा, आणि त्याला दोन-चार हजार चढे मिळतात कारण पिल्लू अस्वलासारखं गुबगुबीत दिसतं. “पंच फेस” म्हणजे ठोसा मारल्यासारखं चपटं तोंड. “हेवी बोन” म्हणजे जाड पाय. पिल्लाचे पाय जाड असण्यात वाईट काही नाही, पण सांधे सुजल्यानेही पाय जाड दिसतात. बोटाने चाचपा, पिल्लू कळवळलं तर थांबा.

रंगाबद्दल मात्र ठाम सांगतो: “दुर्मीळ” रंगाला जास्त पैसे देऊ नका. सिल्व्हर लॅब, ब्लू डॉबरमन हे फिके रंग ज्या गुणामुळे येतात त्याच गुणामुळे अनेक कुत्र्यांचे पुढे केस गळतात, कातडी खराब होते. ठिपक्यांच्या मर्ल रंगात आई आणि बाप दोघेही मर्ल असतील तर आंधळी-बहिरी पिल्लं जन्माला येऊ शकतात. रंग दुर्मीळ राहिला त्याला कारण होतं.

नर महाग की मादी?

आपल्याकडे सहसा नर. मादी माजावर आली की दारात कुत्र्यांची रांग लागते, ती कटकट लोकांना नको असते. पैदास करणाराच घ्यायला आला तर उलट, त्याला मादी हवी. ऑपरेशन करून घ्यायची तयारी असेल तर मादी घ्या, चार पैसे वाचतील.

“पंचेचाळीस दिवसांचं आहे, लगेच न्या,” असं का म्हणतात?

कारण त्याच्यानंतरचा प्रत्येक दिवस विक्रेत्याच्या खिशातून जातो. या धंद्यात पंचेचाळीस दिवस हा आकडा रूढ झाला आहे, आणि प्रत्यक्षात हातात येतं ते पुष्कळदा तीस-पस्तीस दिवसांचं. कायद्याने आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आत पिल्लू विकता येत नाही. भावंडांत राहिलेलं पिल्लू चावायचं किती हे शिकतं. लवकर तोडलेलं पुढे घरातल्या पोरांची बोटं चावत सुटतं.

यात खरेदीदाराच्या फायद्याचीही एक गोष्ट आहे. तीन-चार महिन्यांचं पिल्लू लांबडं, बेढब दिसायला लागतं, गोंडसपणा जातो आणि भाव झपकन उतरतो. तोवर त्याच्या बहुतेक लसी झालेल्या असतात, पार्वो या जीवघेण्या हगवणीच्या रोगाच्या सगळ्यात धोक्याच्या वयातून ते बरंचसं बाहेर आलेलं असतं, आणि अंगकाठी कशी होणार याचाही अंदाज येतो. नव्याने कुत्रं पाळणाऱ्याने असं पिल्लू जरूर बघावं.

मुधोळ तर आपल्या जवळच. मग मुधोळचं कुत्रं स्वस्त पडायला पाहिजे ना?

पडतं, पण खरं मुधोळ ओळखता आलं तर. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपड्यांचं जुनं संस्थान. या भागातले बेडर लोक शिकारीला वापरत ती सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री राजे मालोजीराव घोरपड्यांनी पारखली, जोपासली आणि पंचम जॉर्ज बादशहाला त्यातली जोडी भेट दिली. २००५ मध्ये टपाल खात्याने या जातीचं तिकीट काढलं. २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींसोबत मुधोळचं नाव घेतलं आणि पुण्या-मुंबईहून फोन खणखणायला लागले. मुधोळच्या आसपास जो भाव असतो त्याच्या कितीतरी पट तिकडे सांगितला जातो, कारण मधे दलाल, गाडीभाडं आणि नावाचा बोलबाला येतो.

मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन आणि माहिती केंद्र आहे. तिथे नाव नोंदवून थांबावं लागतं, पण जातीची खात्री मिळते. आसपासच्या गावांतले शेतकरीही पिल्लं वाढवून विकतात. तिथे भाव कमी, आणि डोळसपणा जास्त लागतो.

अडचण अशी, की शर्यतीच्या नादापायी पुष्कळांनी ग्रेहाऊंडचं रक्त मिसळलं आहे. असं पिल्लू जास्त पळतं म्हणून शर्यतवाले त्याला जास्त पैसे देतात, आणि तेच पुढे “ओरिजिनल मुधोळ” म्हणून शहरात खपतं. सहा आठवड्यांच्या पिल्लावरून हे ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून आई बघा, जमलं तर बापही. लांब निमुळतं डोकं, लांब मान, खोल छाती, आत ओढलेलं पोट, आखूड गुळगुळीत केस. ग्रेहाऊंडचं रक्त असेल तर मांड्या जाड, पाठ कमानदार आणि अंग जास्त भरलेलं दिसतं. झालर असलेल्या कानांच्या जातीला आपल्याकडे पश्मी म्हणतात, तिचा भाव आणि चाहते वेगळे. केसीआयच्या कागदावर याच जातीचं नाव कारवान हाउंड असं येतं, ते बघून फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका.

आणि हे कुत्रं टिळकवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी नाही. त्याला शेत लागतं, तेही कुंपणाचं. शेजाऱ्याच्या कोंबडीची भरपाई पिल्लाच्या किमतीत धरलेली नसते. सशाच्या शिकारीला नेणार असाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

हस्की घ्यावा म्हणतोय. बेळगावची हवा थंड आहे की!

बेळगावची असेल, सायबेरियाची नाही. अथणी-रायबागकडे तर एप्रिलमध्ये माणसाला राहवत नाही. हस्कीच्या किमतीत एसीचं बिल धरा आणि मग ठरवा.

रॉटवायलर, पिटबुलवर बंदी आहे म्हणून स्वस्त मिळतात म्हणे?

मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींच्या विक्रीला आणि पैदाशीला मनाई करणारं पत्रक राज्यांना पाठवलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. त्या महिनाभरात घाबरून कित्येकांनी कुत्री पडत्या भावात काढली, पुष्कळ तर रस्त्यावर आली. स्वस्त मिळतंय म्हणून ताकदवान जात घेऊ नका. शेजाऱ्यांचं आणि घरभाड्याच्या कराराचं आधी बघा.

कोल्हापूर, पुणे किंवा बेंगळुरूहून मागवलं तर?

जातीत निवड जास्त मिळते. मात्र बसच्या डिकीतून खोक्यात घालून पाठवलेलं पिल्लू अर्धमेलं होऊन उतरतं. आठ-दहा तासांचा प्रवास, पाणी नाही, आणि त्याच खोक्यात काल दुसरं आजारी पिल्लू आलेलं. स्वतः जाऊन आणा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, तिथल्या विक्रेत्याची नोंदणी महाराष्ट्राच्या मंडळाकडे असणार, कर्नाटकाच्या नाही. तेवढं लक्षात ठेवून कागद बघा.

व्हॉट्सॲपवर फोटो आलाय, निम्मे पैसे आधी मागतायत.

देऊ नका. आधी ॲडव्हान्स, मग पिंजऱ्याचे, मग गाडीचे, मग विम्याचे, असे चार हप्ते मागतात आणि नंबर बंद होतो. व्हिडिओ कॉलवर पिल्लू आणि आई एकत्र, आजच्या वर्तमानपत्रासह दाखवायला सांगा. खरा विक्रेता दाखवतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पैसे हाती लागत नाहीत.

बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

पिल्लू उचलायच्या आधी जागा बघा, वास घ्या. मग पिल्लू हातात घेऊन ओठ वर करा. हिरडी गुलाबी हवी, पांढरट असेल तर रक्त कमी, म्हणजे गोचिडं नाहीतर जंत. आठ आठवड्यांच्या पिल्लाला सगळे दुधाचे दात आलेले असतात, नुसते टोचरे सुळे आणि हिरड्या दिसल्या तर वय खोटं. अंग बारीक आणि पोट ढोलासारखं असेल तर जंत. बेंबीजवळ मऊ गोळा लागला तर हर्निया, त्याच्या ऑपरेशनचे पैसे भावातून कापून घ्या. शेपटीखाली चिकट घाण दिसली तर मागे फिरा.

लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का तिन्ही हवेत. नुसतं पेनाने “नाइन इन वन दिली” असं लिहिलेलं कार्ड कागदाच्याच लायकीचं. लस कालच दिली असेल तर तिचा पार्वोवर लगेच उपयोग नाही. पार्वोची लागण झालेलं पिल्लू पुढचे चार-सहा दिवस खेळतं-बागडतं, मग उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. त्या सलाइनच्या बिलात स्वस्त पिल्लाची बचत कधीच संपते.

मग गावठीच पाळलेलं काय वाईट?

काहीच नाही. गल्लीतलं पिल्लू आणून लसी टोचा. आपल्या हवेत ते सगळ्यात कमी आजारी पडतं, आणि या पानावरच्या निम्म्या प्रश्नांची गरजच उरत नाही.

घासाघीस करावी का?

करावी, पण आकडा पाडण्यापेक्षा पदरात काय पडतंय ते वाढवून घ्या. गोकाककडच्या एखाद्या विक्रेत्याला दोन हजार कमी करायला सांगितलं तर तो हमखास एखादी लस गाळतो. त्याऐवजी म्हणा, “आण्णा, भाव तुमचा राहू दे, पुढची लस होईस्तोवर पिल्लू तुमच्याकडंच ठेवा.” चांगला माणूस ऐकतो, आणि पिल्लूही ५६ दिवसांचं होऊन घरी येतं.

विसार देताना साध्या कागदावर पावती घ्या. त्यात आईचं नाव किंवा चिप नंबर, पिल्लाची जन्मतारीख, रंग आणि खूण, दिलेल्या लसी, ठरलेली पूर्ण रक्कम, पेपर कधी देणार ती तारीख, आणि घरी नेल्यावर सात दिवसांत पार्वो किंवा डिस्टेंपर (हाही पिल्लांचा जीवघेणा संसर्ग) निघाला तर पैसे परत की दुसरं पिल्लू, हे सगळं लिहून दोघांच्या सह्या. कन्नडमध्ये लिहिली तरी चालेल, वाचणारा माणूस तुमच्या बाजूचा असला म्हणजे झालं. पिल्लू घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि ती तारीखही त्याच कागदावर मागच्या बाजूला टिपून ठेवा.